कोरी सोडलेली ओळ

माझ्या एका जुन्या कवितेत झाडाच्या खोडावर ओलं शेवाळ आहे. कविता बऱ्यापैकी गाजली. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले माझे एक स्नेही आहेत, त्यांना आम्ही सर म्हणतो. कविता ऐकून ते म्हणाले, ‘‘कविराज, छान आहे. पण हे शेवाळ कोणतं?’’

मी साधा बी.ए. झालेला माणूस. शेवाळ म्हणजे शेवाळ, एवढंच मला ठाऊक. सर हसले आणि ऑगस्टमध्ये मला आंबोलीला घेऊन गेले.

भर पावसात एका खोडावरून त्यांनी नखाएवढा हिरवा तुकडा अलगद सोडवला. हातात भिंग दिलं. म्हणाले, ‘‘भिंग डोळ्याशी धरा आणि तुकडा जवळ आणा.’’ पाहतो तर काय! दोऱ्यापेक्षा बारीक खोड आणि दोन्ही बाजूंना इवल्या पानांच्या रांगा. शेवाळाला कुठून येणार खोड आणि पानं? हे लिव्हरवर्ट. मराठी पुस्तकांत त्याला यकृतका म्हणतात. या कुळातल्या काही चपट्या वनस्पती यकृताच्या आकाराच्या दिसल्या, म्हणून युरोपात हे नाव पडलं. जगात यकृतकांच्या सुमारे सात हजार जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अशा पानांच्याच.

‘‘आता उलटं करा,’’ सर म्हणाले. खालच्या बाजूला पानांची तिसरी रांग होती. लहान पानं, प्रत्येक टोकाशी दुभंगलेलं. बाजूच्या पानांची कड खाली दुमडून चिमुकला खिसा झालेला. फांदीचं टोक वर धरलं, तर पानांची रचना आपल्या कौलांच्या उलट होती. खालचं पान वरच्या पानाच्या कडेवर चढलेलं. या खुणांवरून सरांनी प्रजाती सांगितली, लेज्युनिया. हे नाव 1820 साली मारी-आन लिबेर या बाईंनी दिलं, लेज्यून नावाच्या वनस्पतिप्रेमी डॉक्टरांवरून.

संध्याकाळी मुक्कामी सरांनी सूक्ष्मदर्शक काढला. मी म्हटलं, ‘‘सर, सकाळी पाहू की.’’ ते म्हणाले, ‘‘नको. यकृतकांच्या पेशींत तेलाचे बारीक गोळे असतात. ते किती, केवढे, गुळगुळीत की दाणेदार, यावरून जात ओळखायला मदत होते. पण वनस्पती सुकली की ते विरून जातात.’’ रात्री उशिरापर्यंत ते त्या गोळ्यांची चित्रं काढत बसले.

मग त्यांनी फ्रान्झ स्टेफानी या जर्मन माणसाची गोष्ट सांगितली. जगभरातून येणारे सुकलेले नमुने पाहून त्याने हजारो यकृतकांची वर्णनं लिहिली. 1898 पासून त्याचे सहा खंड निघाले. काम डोंगराएवढं. पण पुढे त्याची कितीतरी नावं रद्द करावी लागली, कारण एकाच जातीला वेगवेगळी नावं पडली होती. सुकल्यावर जे विरून जातं, ते त्या नमुन्यांत दिसणार कसं?

सरांनी कागदाची पुडी केली. तीवर ठिकाण, तारीख, ‘झाडाची साल’ असं लिहिलं. प्रजाती, लेज्युनिया. जातीची ओळ मात्र कोरीच सोडली. मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘बीजुकांच्या बोंडाभोवती जे वेष्टन असतं, ते यात सापडलं नाही. त्याचे कंगोरे पाहिल्याशिवाय मी नाव लिहिणार नाही.’’ चाळीस वर्षं हाच विषय शिकवलेला माणूस हे म्हणत होता!

लोक मला ‘मुस्लिम मराठी कवी’ म्हणतात. पुष्कळदा कविता वाचण्याआधीच म्हणतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. त्या रात्री वाटलं, मी तरी काय वेगळं केलं होतं? खोडाजवळ न जाताच ‘शेवाळ’ लिहून मोकळा झालो होतो.

कवितेतला शब्द मी बदललेला नाही. ‘यकृतका’ काही माझ्या ओळीत बसेना. पण खिशात आता भिंग असतं. या पावसाळ्यात तुम्हीही एखाद्या खोडाजवळ थांबा. ओरबाडू नका, नुसतं वाकून पाहा. आणि जमलं तर एखादं पान उलटूनही पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)