पातळ पुस्तक आणि उसाचा फड
(वडगाव रासाई येथे ऊसतोड कामगारांच्या रात्रवर्गात झालेले बोलणे)



दिवसभर कोयता चालवून तुम्ही इथं बसलात, म्हणून लांबण लावत नाही. गेले काही दिवस आपण अर्थशास्त्राचं एक पातळ पुस्तक वाचतोय. पहिल्या निम्म्यात एका बाजाराचा, एका घराचा हिशेब आहे; त्याला सूक्ष्म म्हणतात. दुसऱ्या निम्म्यात सगळ्या देशाचा, त्याला समग्र.

पुस्तक म्हणतं, मजूर जिथं जास्त मजुरी तिथं जातो. छापायला बरं आहे. पण आपण पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. उचल घेतली त्या दिवशीच पाय बांधले गेले. मग भीमेच्या पलीकडं दौंडच्या बाजूला दर चांगला निघाला, तरी आपल्याला काय त्याचं?

आणि मोजतात कसं? नवरा-बायको मिळून एक कोयता. समजा टनाला 100 रुपये आणि दिवसाला दोन टन. झाले 200. माणशी 100 पडले. रात्री गाडी भरली, पोरीनं धाकट्याला सांभाळलं, चूल पेटवली, ते कुठंच धरलं नाही. दुसऱ्या निम्म्यातसुद्धा हेच! घरातला स्वयंपाक, पोरं सांभाळणं देशाच्या उत्पन्नात येत नाही. जंगल तोडून लाकूड विकलं तर ते येतं. जंगल कमी झालं, ते मात्र त्यातून वजा होत नाही.

महागाईचा धडा तर आपलाच. तोडणीचा दर करारानं काही वर्षं बांधलेला राहतो. समजा ज्वारी 10 रुपयांवरून 12 वर गेली. त्याच 200 रुपयांत आधी 20 किलो यायची, आता साडेसोळाच्या वर थोडी. रक्कम तीच, मजुरी घटली.

पण माझ्या मते सगळ्यात कामाचा शब्द आहे संधी-खर्च. एक काम धरलं की दुसरं कोणतं सुटलं, त्याची किंमत. ज्याच्या हातात सुटण्यासारखं काहीच नाही, त्याला मुकादम म्हणेल तो दर. आणि ज्याच्या गावी पट्ट्याची जमीन आहे, मोह-बांबू ग्रामसभेच्या ताब्यात आहे, तो म्हणू शकतो, "या दरात नाही येत." गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून बांबू ग्रामसभा स्वतः विकते, भाव पाडून घेत नाही.

म्हणून दाव्याचा कागद हा मजुरीचाही कागद आहे. कायदा सांगतो, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असाल तर दावा करा, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत. पण दाव्यावर ठराव करायला ग्रामसभेत निम्मे सभासद हजर पाहिजेत (2008 च्या नियमात तर दोन-तृतीयांश होते), आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया. आता गावात कोण आहे? म्हातारी माणसं. निम्मं गाव इथं फडात. तेव्हा पुढच्या साली गाडीत बसायच्या आधी, दसऱ्याच्या आतच मोजणी आणि ठराव उरकून घ्या. मुकादमाला चार दिवस थांबू द्या; ऊस वाळत नाही तोवर त्यालाच आपली गरज आहे.

उद्या व्याजाचा धडा. ज्यांच्याकडं उचलीची चिठ्ठी आहे त्यांनी ती घेऊन यावं. ज्यांना चिठ्ठीच दिली नाही, त्यांनी आकडा आठवून यावं.