भावाची रोजकीर्द



दिल्लीच्या करोल बागेत अजमल खाँ मार्गाची वर्दळ मागे टाकून बँक स्ट्रीट आणि बीडनपुरा या बाजूला वळले, म्हणजे सराफांच्या लखलखत्या पेढ्यांच्या पाठीमागे, अरुंद जिन्यांवरच्या खोल्यांतून, जुने दागिने मुशीत आटवून त्यांचा टंच काढून देणारी जी मंडळी बसलेली असतात, त्यांच्यापैकी कित्येकांना मूळ गाव विचारले असता विटे, खानापूर, आटपाडी अशी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी मुलखातील नावे कानी पडतात. पावसाने वारंवार दगा दिल्यामुळे या मुलखातील तरुणांनी गलाईचा, म्हणजे सोने-चांदी आटवण्याचा, हुन्नर हाती धरला आणि तो हिंदुस्थानातल्या दूरदूरच्या सराफकट्ट्यांपर्यंत नेऊन पोहोचवला, ही हकीकत खरे तर स्वतंत्र भाषणाचा विषय व्हावी. आज मला बोलायचे आहे ते त्या धंद्यातील एका किरकोळ दिसणाऱ्या कामाविषयी, म्हणजे रोजचा भाव पाहून तो टिपून ठेवण्याविषयी.

गिऱ्हाइकाचा हिशेब तीन गोष्टींवर ठरतो. वजन काट्यावर कळते, कस आगीत, तेजाबात किंवा अलीकडे क्ष-किरणांच्या यंत्रात कळतो. भाव मात्र बाहेरून यावा लागतो. मुंबईची इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन ही संस्था शनिवार, रविवार व सरकारी सुट्ट्या वगळून दिवसातून दोनदा, ९९९, ९९५, ९१६, ७५० आणि ५८५ या शुद्धतांचे भाव आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते. त्यांत तीन टक्के जीएसटी धरलेला नसतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या सुवर्णरोख्यांची किंमत ठरवतानाही याच संस्थेच्या ९९९ शुद्धतेच्या भावाचा आधार घेतला जात असे. हे पान रोज उघडायचे, आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा आणि मग चार ठिकाणी व्हॉट्सॲपवर पाठवायचा, या कामात बुद्धीचा अंश अत्यल्प आणि नियमितपणाची अपेक्षा मात्र मोठी. नेमक्या अशाच कामासाठी जुन्या अमदानीत कारकून नेमीत असत, आणि पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्दीला, म्हणजे दैनंदिन नोंदवहीला, जो मान होता तो या नियमितपणामुळेच होता.

आज हा कारकून पायथन भाषेतील वीस-पंचवीस ओळींच्या एका स्क्रिप्टच्या रूपाने फुकट मिळतो. संकेतस्थळाचे पान आपल्याला कोष्टकासारखे दिसत असले, तरी त्याच्या मुळाशी खुणांनी बांधलेला मजकूर असतो. त्यातील कोणत्या खुणेच्या आत भाव आहे एवढे सांगितले, की लिओनार्ड रिचर्डसन यांनी २००४ साली सिद्ध केलेले ‘ब्युटिफुल सूप’ हे साधन तो नेमका उचलून देते. मग राहतो वेळेचा प्रश्न, आणि तो युनिक्स प्रणालीच्या क्रॉन या जुन्या व्यवस्थेने १९७० च्या दशकापासूनच सोडवून ठेवलेला आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशी पाच घरे. मिनिटाच्या घरात ३०, तासाच्या घरात १२, तारीख व महिना यांत चांदणीचे चिन्ह आणि वाराच्या घरात १ ते ५ एवढे लिहिले, की सोमवार ते शुक्रवार दुपारी साडेबाराला हुकूम बिनबोभाट बजावला जातो. केवळ एक तपशील जपावा लागतो: भाड्याने घेतलेला संगणक परदेशी असला तर त्याचे घड्याळ बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर चालते, आणि साडेबाराची आज्ञा दिल्लीत संध्याकाळी सहाला बजावली जाते.

या कारकुनाचा खरा दोष आळस नसून भाबडेपणा आहे. संकेतस्थळाच्या चालकांनी पानाची मांडणी बदलली, तर जुन्या खुणेच्या जागी काहीच सापडत नाही. अशा वेळी निष्काळजीपणे लिहिलेली स्क्रिप्ट कालचाच आकडा आजच्या तारखेखाली मांडून मोकळी होते. २३ जुलै २०२४ रोजी अर्थसंकल्पात सोन्यावरील आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले आणि दहा ग्रॅममागे भाव सुमारे ४००० रुपयांनी कोसळला. त्या दुपारी ज्याच्या हाती आदल्या दिवसाचा आकडा असता, त्याने शंभर ग्रॅमच्या एका सौद्यात किती गमावले असते, याचे गणित बीडनपुऱ्यातले शेंबडे पोरही करील. म्हणून पानावर छापलेली तारीख आधी वाचावी, ती आजची नसेल तर नोंद न करता मालकाला तसे कळवावे, आणि आकडा कालच्यापेक्षा फारच वेगळा आला तर तो माणसाने डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पुढे पाठवू नये, एवढी शिस्त स्क्रिप्टमध्ये घालणे हे मूळ भाव उचलण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे काम आहे, असे माझे मत आहे.

दुसऱ्याच्या दारात वावरण्याचाही एक दस्तूर असतो. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ साली सुचवलेली आणि २०२२ साली रीतसर मानक झालेली ‘रोबोट्स’ नावाची फाइल यंत्रांना कोठे येऊ द्यायचे आणि कोठे नाही हे सांगते. ती कायदा नव्हे, परंतु मालकाच्या परवानगीवाचून विदा उतरवून घेणे किंवा त्याचा संगणक अडवून धरणे यांची दखल आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये घेतलेली आहेच. दिवसातून दोनदा बदलणाऱ्या भावासाठी दर मिनिटाला पान मागणे हे बेकायदा ठरो वा न ठरो, ते असभ्य तर निश्चितच आहे.

आणि वाचणे वेगळे, रांगेत घुसणे वेगळे. हजरत निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने सांगली-मिरजेला जाणाऱ्या या गलाई कुटुंबांना सणासुदीला तत्काळ तिकिटावाचून गत्यंतर नसते, आणि तेथे हीच विद्या वापरून दलालांनी वर्षानुवर्षे सामान्य प्रवाशांच्या आधी जागा लाटल्या. भाव वाचून घेतला म्हणून दुसऱ्याचा भाव कमी होत नाही, जागा मात्र घेतली की दुसऱ्याची जाते. हा भेद रेल्वेनेही ओळखला, आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधारशी जोडलेल्या खात्यावरच मिळू लागले, तर अधिकृत दलालांना पहिला अर्धा तास दार बंद झाले. तेव्हा भावाची नोंद कारकुनावर सोपवलेल्या गलाईवाल्याने, सांगलीला जायचे असेल तर, आदल्या दिवशी सकाळी दहाला वातानुकूलित डब्यासाठी आणि अकराला साध्या शयनयानासाठी स्वतःच फोन हाती घेऊन बसावे.