राखीव जागा आणि आपली नजर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर राष्ट्राचे आणि समाजाचे मोठमोठे प्रश्न चर्चिले गेले आहेत. त्या मानाने माझा आजचा विषय फारच लहान आहे. तो आगगाडीतील एका बाकाएवढा किंवा मोटार उभी करण्याच्या एका चौकोनाएवढा आहे. पण त्या चौकोनात शिरताना माणसाची जी परीक्षा होते, ती काही लहान नाही असे मला वाटते, म्हणून तो मी निवडला.

आरंभी एक कबुली देतो. माझा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. कॅलिपर आणि काठी यांच्या आधाराने मी चालतो. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दादरला मी धीम्या लोकलच्या अपंगांच्या डब्यात चढलो. खिडकीशी पंचविशीचा एक तरुण बसला होता. कपडे नीटनेटके, हातपाय धड. मला जागा मिळाली होती. त्याच्या जागेची मला गरज नव्हती. तरीही मी त्याला म्हणालो, "अहो, हा डबा अपंगांचा आहे. बाहेरची पाटी वाचता येत नाही का?"

"वाचली आहे, काका," तो हळूच म्हणाला.

"मग तुम्हांला काय झाले आहे? चांगले धडधाकट तर दिसता!"

त्याने एकवार सगळ्या डब्याकडे पाहिले. सगळा डबा त्याच्याकडे पाहत होता. तो उठला, पिशवी उचलली आणि माटुंग्याला उतरून गेला. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "बरे केलेत. ठणकावल्याशिवाय हे लोक ऐकत नाहीत." मलाही ते पटले. एक सार्वजनिक कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात मी घरी पोचलो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले की, तो कोठे चढला हे मी पाहिलेच नव्हते. दादरच्या अलीकडचे स्थानक परळ. परळला १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे, आणि तो डबा अपंगांप्रमाणेच कर्करोगाच्या रुग्णांसाठीही राखीव आहे. ज्या पाटीवरून मी त्याला बोललो, ती मीच पुरती वाचली नव्हती. तो रुग्ण होता, की गर्दी टाळायला शिरलेला लबाड होता, हे मला आजतागायत ठाऊक नाही. कधी कळणारही नाही. हे न कळणे हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे असे समजा.

प्रथम अपराध्याकडे वळू, कारण अपराध होतात यात शंका नाही. मोटार उभी करण्याची राखीव जागा इतर जागांपेक्षा रुंद का असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. धडधाकट माणूस दोन मोटारींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला दार पुरते उघडावे लागते, खुर्ची दाराशी आणून लावावी लागते, आणि हातांच्या बळावर आपला देह एका आसनावरून दुसऱ्या आसनावर न्यावा लागतो. त्यासाठी जागेच्या कडेला तिरप्या रेघांचा एक पट्टा मोकळा ठेवतात. अमेरिकेत १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालील नियमांप्रमाणे हा पट्टा निदान ५ फूट रुंद असावा लागतो. कारण ठाऊक नसलेल्याला तो वाया गेलेला कोपरा वाटतो, आणि तो तेथे आपली स्कूटर लावून जातो. मग मोटारीचा मालक काम आटोपून परत येतो तो आपल्याच मोटारीत शिरू शकत नाही! आज या सभागृहात येताना पायऱ्यांशेजारच्या उतारावर मला दोन स्कूटरी दिसल्या. त्यांचे मालक बहुधा हे व्याख्यान ऐकण्यासाठीच लगबगीने आत आले असावेत.

अशा गृहस्थांना हटकले तर उत्तर ठरलेले असते: "पाचच मिनिटांचे काम आहे हो." हे उत्तर खोटे नसते. पण त्या पाच मिनिटांत जो अपंग तेथे येतो, त्याला दुसरीकडे मोटार लावून चालत येणे शक्य नसते. तो माघारी जातो. आपले काम पाच मिनिटांत होते. त्याचे त्या दिवशी होतच नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. राखीव जागेवर चाकाच्या खुर्चीचे जे चित्र असते, ते १९६८ साली सुसान कोफोड नावाच्या डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीने काढले. मूळ चित्रात नुसती खुर्ची होती. माणसाचे डोके नव्हते. पुढे कार्ल मोंटान यांनी वर एक वाटोळे काढले आणि खुर्चीत माणूस आला. जगाच्या पाठीवर कोठेही कळावे असे हे चित्र आहे, आणि त्याचा उपकार मोठा आहे. परंतु त्यामुळे एक गैरसमजही रुजला. अपंग म्हणजे खुर्चीतला. जो खुर्चीत नाही तो तोतया, असे आपले डोळे धरून चालतात. खुर्चीतला माणूस दोन पावले चालण्यासाठी उठून उभा राहिला, तरी लोक डोळे वटारतात. वस्तुतः पुष्कळांना दहा पावले टाकता येतात, शंभर टाकता येत नाहीत. त्यांची खुर्ची त्या उरलेल्या नव्वद पावलांसाठी असते.

आपल्या कायद्याची दृष्टीही एकदम निवळलेली नाही. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. सरकारदरबारी आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. मी स्वतः त्यांतलाच असल्यामुळे माझ्या सवयीचा जुना शब्द वापरतो आहे, तो आपण चालवून घ्यावा. या नव्या यादीत सिकलसेल आहे, थॅलसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. गडचिरोली आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील लोकांना सिकलसेल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांमध्ये अशी कळ उठते की धट्टाकट्टा तरुण गुरासारखा ओरडतो. कळ ओसरली की तोच तरुण आपल्याशेजारी बसमध्ये बसतो, आणि आपल्याला त्याच्यात काहीच दिसत नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये मज्जातंतूंवरचे आवरण खराब होते. असा रोगी सकाळी बाजारात चालत जाऊ शकतो, आणि उन्हाने व थकव्याने दुपारी त्याचे पाय त्याचे ऐकत नाहीत. सकाळी पाहणारा म्हणेल याला काही झालेले नाही. दुपारी पाहणारा म्हणेल, अरेरे! माणूस मात्र दोन्ही वेळा तोच असतो.

हे रोग १९९५ मध्येही होतेच. माणसे तेव्हाही कळवळत होती. कायद्याला ती दिसली नव्हती, एवढेच. आजही हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार त्या २१ मध्ये नाही. ज्याच्या हृदयाचे बळ निम्मे उरले आहे त्याला जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दम लागतो, पण दाखवायला त्याच्यापाशी कार्ड नसते. कायदेमंडळात विद्वान माणसे बसून, तज्ज्ञांची मते घेऊनही ज्यांना सर्व काही दिसले नाही, ते मला दादर आणि माटुंगा यांच्यामधल्या दोनचार मिनिटांत दिसले, असे मी त्या दिवशी समजत होतो!

न दिसणारी व्यथा माणसाला कोठे नेऊन सोडते याचे एक जुने उदाहरण देतो. बेथोव्हेन हा युरोपातील थोर संगीतकार. ऐन तिशीच्या सुमारास त्याची श्रवणशक्ती जाऊ लागली. १८०२ साली व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात त्याने आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. ते त्याने कधीच पाठवले नाही. १८२७ मध्ये तो वारल्यावर ते त्याच्या कागदपत्रांत सापडले. त्यात तो सांगतो की, लोक मला तुसडा आणि माणूसघाणा समजतात, पण मी लोकांना टाळतो ते ऐकू येत नाही म्हणून. मोठ्याने बोला, मी बहिरा आहे, असे संगीतकाराने कोणत्या तोंडाने सांगावे? त्याच्या भोवतालची माणसे दुष्ट नव्हती. त्यांना त्याचे कान दिसत होते, आणि कान तर जागच्या जागी होते.

इतर देशांनीही या बाबतीत ठेचा खात खातच वाट काढली आहे. ब्रिटनमध्ये १९७१ पासून अपंगांना मोटारीत लावण्यासाठी नारिंगी बिल्ला देत. २००० साली तो निळा झाला. हा बिल्ला माणसाचा असतो, मोटारीचा नसतो. धारक ज्या मोटारीतून जाईल त्या मोटारीत तो लावता येतो. चालण्याची अडचण हाच त्याचा मुख्य निकष होता. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडने तो न दिसणाऱ्या अपंगत्वांसाठीही स्पष्टपणे खुला केला. पण माणूस तिकडचा काय नि इकडचा काय! आजोबांना घरी ठेवून त्यांच्या बिल्ल्यावर खरेदी करणारे नातू तेथेही आहेत, आणि त्याबद्दल १,००० पौंडांपर्यंत दंड ठेवावा लागला आहे. २०१६ साली गॅटविक विमानतळावर आणखी एक युक्ती निघाली. ज्याची अडचण दिसत नाही त्याने हवी तर सूर्यफुलांची हिरवी फीत गळ्यात घालावी. ती पाहून कर्मचारी जरा धीराने घेतात, काय झाले म्हणून विचारीत नाहीत. ही युक्ती मला आवडते, कारण तिच्यात रोगाचे नाव सांगावे लागत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. खोटी प्रमाणपत्रे काढणारे, राखीव डब्यात घुसणारे, उतारावर स्कूटर लावणारे हे केवळ एक जागा चोरतात असे आपण समजतो. ते त्याहून मोठी वस्तू चोरतात. खऱ्या माणसावरचा विश्वास ते चोरतात. दहा लबाड पाहिले की आपली नजर कडवट होते, आणि अकरावा जो खरा येतो त्याच्यावर आपण तुटून पडतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण अशा प्रसंगांतूनच निघाली असेल. लबाड निगरगट्ट असतो. तो दोन शब्द ऐकवून बसून राहतो. उठून जातो तो बहुधा भिडस्त, आजारी आणि भांडण्याची ताकद नसलेला माणूस. आमचा तो तरुण उठून गेला, ही गोष्ट मला म्हणूनच अधिक बोचते.

आपण विचाराल, मग काय लबाडांना मोकळे रान द्यावे? मुळीच नाही. २०१६ च्या कायद्याच्या ९१ व्या कलमाने, अपंगांच्या सवलती लबाडीने उपटणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तपासणी अवश्य व्हावी, वरचेवर व्हावी. पण ती तिकीट तपासनिसाने करावी, वाहतूक पोलिसाने करावी. त्याने माझ्यासारख्या काठीवाल्यालाही विचारावे आणि धडधाकट दिसणाऱ्यालाही विचारावे, हलक्या आवाजात विचारावे, आणि कार्ड पाहावे, रोग विचारू नये. मला संशय आला तर मी त्याला कळवावे. भर डब्यात न्यायाधीश होण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. माझ्या पायानेही दिलेला नाही.

शिवाय दोन चुकांचे वजन करून पाहा. मी गप्प राहिलो आणि तो लबाड निघाला, तर एका लबाडाला वीस मिनिटे फुकटची जागा मिळाली. मी बोललो आणि तो रुग्ण निघाला, तर उपचार घेऊन थकलेला एक माणूस चारचौघांत चोर ठरून फलाटावर उतरला, आणि पुन्हा त्या डब्यात पाऊल टाकायला धजावला नाही. ज्या जागा त्याच्यासाठी राखल्या, त्या राखणाऱ्यानेच त्याला त्यांतून हाकलले. या दोन चुका तराजूत सारख्या उतरत नाहीत.

तेव्हा मागणे थोडके आहे. नियम स्वतःला कडक लावावा: जागा आपली नसेल, तर पाच मिनिटेही तिथे थांबू नये. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र शंकेचा फायदा त्याला द्यावा. मी आता त्याच डब्यातून जातो येतो. एखादा धडधाकट दिसणारा तरुण बसलेला दिसला, की कधीकधी जीभ शिवशिवते. मग मी त्याला एवढेच विचारतो, "जरा सरकता का?" तो सरकतो, आणि आम्ही दोघे आपापल्या स्थानकापर्यंत शेजारी बसून जातो. माटुंग्याला उतरलेल्या त्या तरुणाची क्षमा मागणे आता शक्य नाही. ती मी आपल्यासमोर मागतो.

 जाता जाता, ज्या दोन सद्गृहस्थांच्या स्कूटरी उतारावर आहेत, त्यांनी सभा संपल्यावर कृपा करून सर्वांच्या आधी बाहेर पडावे.