कोकणातली पड जमीन

राज्याची लोकसंख्या वाढत असताना २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची मात्र चक्क घटली. रत्नागिरी सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. तरणी माणसं मुंबईला. घरं उघडतात ती गणपतीत नि शिमग्याला. वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीवरची नाचणी-वरी आधी गेली. सगळी वाडी पेरायची तेव्हा राखणही वाटून व्हायची. आता एकट्यानं पेरलं, तर वानर-रानडुकरं त्याच तुकड्यावर तुटून पडतात. जमीन कसायला द्यावी, तर सातबारावर ढीगभर नावं, निम्मी बोरिवली-विरारला! खरी अडचण इथंच आहे, असं मला वाटतं. हापूसच्या बागा मात्र टिकल्या. तिथं राखणीपासून फवारणीपर्यंतची कामं अनेक ठिकाणी नेपाळी कामगार करतात.