झाडपाल्याची गोळीसुद्धा औषधच

राजारामपुरीतून आम्ही सगळ्याजणी बोलतोय. सकाळची कामं आवरून रेडिओ लावला असेल तर जरा आवाज वाढवा, शेजारणीलाही हाक मारा. आज बोलायचंय ते डोक्यावरच्या ताणाबद्दल, आणि तो जावा, झोप लागावी म्हणून आपण घेतो त्या झाडपाल्याच्या गोळ्या, पावडरी आणि काढ्यांबद्दल.

आमच्या राजारामपुरीत दवाखाने पुष्कळ. कागल, पन्हाळा, राधानगरीकडून बायका एसटीनं येतात. नंबर लागेपर्यंत गप्पा होतात. प्रत्येकीच्या पिशवीत फाईल असते, रिपोर्ट असतात, बीपीच्या नाहीतर थायरॉईडच्या गोळ्या असतात. आणि बऱ्याचदा पिशवीच्या तळाशी आणखी एक डबी असते. ही कशाची, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते औषध न्हवं, आयुर्वेदिक हाय." ह्या एका वाक्यापायी काय होऊ शकतं, तेच आज सांगायचंय.

आमच्याच गटातली एक मैत्रीण. तिला विचारूनच सांगतोय, नाव मात्र घेत नाही. मुलीचं लग्न ठरलेलं, उसाचं बिल अडकलेलं, कर्जाचे हप्ते डोक्यावर. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. कुणीतरी अश्वगंधाच्या कॅप्सूल घ्यायला सांगितल्या. त्यानं फरक पडेना म्हणून दुसरीनं दिलेली झोपेची पावडरही ती दुधातून घेऊ लागली. त्या पावडरीत काय काय आहे, ते डबीवर धड लिहिलेलंही नव्हतं. दीड महिन्यानं अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद पिवळी व्हायला लागली. मग डोळे पिवळे झाले. घरच्यांनी कावीळ म्हणून गळ्यात माळ घातली आणि वर आणखी एक झाडपाल्याचं औषध सुरू केलं. आधीच दमलेल्या लिव्हरवर तिसरं ओझं.

शेवटी तिला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" ती म्हणाली, "काहीच नाही." खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. तिच्या हिशेबी ते औषधच नव्हतं! तिच्या लेकीनं पिशवीतून डब्या काढून टेबलावर ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. सगळं बंद केलं, वरचेवर रक्त तपासलं, आणि तीन महिन्यांनी ती सावरली. वेळेवर कळलं म्हणून निभावलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या आज्या-पणज्यांनी झाडपालाच वापरला की. खरं आहे. पण कसा वापरला, हेही बघायला पाहिजे. यासाठी एका लांबच्या झाडाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव कावा. आपला गनिमी कावा नव्हे, हे पॅसिफिक महासागरातल्या फिजी, टोंगा, वानुआतू या बेटांवरचं झाड. इंग्रजांनी भारतातले मजूर उसाच्या मळ्यांवर नेले, तेच हे फिजी. कावा आपली मिरी, पिंपळी आणि विड्याच्या पानाच्या कुळातला. तिथले लोक त्याचं मूळ कुटून, पाण्यात कोळून, गाळून पितात. मन शांत होतं, अंग सैल पडतं. पाहुणा आला, बैठक बसली की करवंटीतून कावा द्यायचा, अशी तिथली पद्धत.

पुढं युरोप-अमेरिकेत त्याच्या कॅप्सूल निघाल्या. पाण्याऐवजी अल्कोहोल आणि दुसऱ्या रसायनांत अर्क काढला जाऊ लागला. ताणावरची नैसर्गिक गोळी म्हणून खप वाढला, आणि काही जणांची लिव्हर बिघडल्याच्या तक्रारी आल्या. 2002 साली जर्मनीनं ती औषधं बाजारातून काढली, अमेरिकेच्या औषध खात्यानं त्याच वर्षी लोकांना सावध केलं. जर्मनीतली बंदी 2014 साली कोर्टात टिकली नाही, वाद अजून चालू आहे. पण एवढं सगळे मान्य करतात की दारूबरोबर, झोपेच्या गोळीबरोबर किंवा लिव्हरचा आजार असताना कावा घेऊ नये. तेव्हा परदेशातून कुणी भाच्या-पुतण्यानं प्रेमानं डबी आणली, तर त्यावर हे नाव आहे का ते शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

आपल्याकडंही असं घडलंय. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, आठवतंय? 2020 सालच्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतल्या डॉक्टरांना लिव्हर बिघडलेले 6 रुग्ण सापडले, सगळे गुळवेल घेणारे. त्यांनी ते छापून आणलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की दोष गुळवेलीचा नसावा, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल. कुणाचंही खरं धरा, आपल्यासाठी धडा एकच आहे. ओळख पटल्याशिवाय वेल तोडून उकळू नये, आणि चांगलं म्हणून महिनोन् महिने पीत राहू नये.

आता अश्वगंधा. आपण तिला आस्कंद म्हणतो. आयुर्वेदात तिचं मूळ वापरतात. पण मुळापेक्षा पाला स्वस्त, म्हणून काही ठिकाणी पाल्याचा अर्क कॅप्सूलमध्ये जाऊ लागला. 2021 साली आयुष मंत्रालयाला कंपन्यांना सांगावं लागलं की पानं वापरू नका. म्हणजे एकाच झाडाचं मूळ वेगळं आणि पान वेगळं. मुळाचं औषध घेतल्यावरही थोड्या लोकांना लिव्हरचा त्रास झाल्याची नोंद आहे. असं क्वचित होतं, सगळ्यांना होत नाही. पण आपण त्या थोड्यांत आहोत का, हे आधी कळत नाही.

काही बायकांनी तर जास्तच जपायला पाहिजे. थायरॉईडची गोळी चालू असेल तर अश्वगंधानं थायरॉईड आणखी वाढू शकतो, छातीत धडधडतं. साखरेची किंवा बीपीची गोळी असेल तर साखर, बीपी जास्त उतरू शकतं. झोपेची किंवा फिट्सची गोळी असेल तर गुंगी वाढते. पोटुशी असाल, बाळ अंगावर पीत असेल, कधी लिव्हरचा आजार झाला असेल, तर आपल्या मनानं अजिबात घेऊ नका. ऑपरेशन ठरलं असेल तर अशी कुठलीही पावडर चालू असल्याचं आधीच सांगा.

आम्ही आयुर्वेदाच्या विरोधात बोलत नाही. नाडी बघून, वय बघून, किती दिवस घ्यायचं ते सांगून वैद्य औषध देतात, तेव्हा ते उपचार असतात. बाजारात, बसस्टँडवर किंवा मोबाईलवर बघून घेतलेली डबी म्हणजे वैद्य नव्हे. घ्यायचीच असेल तर आधी डबी फिरवून बघा. औषध असेल तर लायसन्स नंबर, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि आत काय काय आहे ते लिहिलेलं पाहिजे. खाण्याच्या वस्तूत मोडत असेल तर अन्नसुरक्षेचा 14 आकडी नंबर पाहिजे. "शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही" एवढंच मोठ्या अक्षरात असेल तर ती परत ठेवा. धोत्रा आणि बचनागही नैसर्गिकच असतात की.

आमच्या गटानं आता एक सवय लावून घेतली आहे. प्रत्येकीनं एक छोटी वही केली आहे. त्यात डॉक्टरांची गोळी, वैद्यांचं चूर्ण, आजीचा काढा, मैत्रिणीनं दिलेली पावडर, सगळं लिहायचं, सुरू केल्याची तारीख टाकायची. दवाखान्यात जाताना वही आणि डब्या, दोन्ही न्यायचं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवायचं नाही. एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करायची, म्हणजे त्रास झाला तर कशानं झाला ते कळतं. डोळे किंवा लघवी पिवळी झाली, खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखलं, अन्न नको झालं, तर पावडर त्याच दिवशी बंद करून तपासायला जायचं. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, कोल्हापुरात सीपीआर आहे. औषधाचा असा त्रास कळवायला 1800-180-3024 हा फुकटचा सरकारी नंबर आहे. झाडपाल्याच्या औषधाचंही तिथं सांगता येतं.

राहता राहिला ताण. आमच्या मैत्रिणीची झोप हप्त्यांनी उडवली होती, आस्कंद कमी पडल्यानं नव्हे. ती सावरल्यावर आम्ही तिच्याबरोबर बसलो, कर्जाचा कागद पुढ्यात घेतला, बँकेत दोघीजणी सोबत गेलो, हप्त्यांची मुदत वाढवून मागितली. त्या रात्री ती चार तास सलग झोपली, असं तिनंच सांगितलं. संध्याकाळनंतरचा चहा सोडला, उशाशी मोबाईल ठेवणं सोडलं. सगळं एका दिवसात सुटलं नाही, पण कुणाला तरी सांगितल्यानं ओझं अर्धं झालं.

दोन आठवडे झोप नाही, सारखं रडू येतंय, कशात जीव लागत नाही, असं असेल तर आशाताईंना सांगा, डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा झालाय असं मनात आलं तर क्षणभर थांबू नका, 14416 लावा. टेली-मानसचा हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आज घरी एक काम करा. फळीवरच्या, कपाटातल्या, उशाखालच्या सगळ्या डब्या खाली काढा आणि वहीत लिहा. सासूबाईंच्याही. पुढच्या बैठकीत वह्या घेऊन या, आपण मिळून वाचू.