नवा शिंपला टाकीत उतरवताना

आपल्या तिसऱ्यांचा एक दूरचा भाऊबंद म्हणजे ट्रायडॅक्ना, प्रवाळ खडकांतला महाशिंपला. भारतात हा जीव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे तो घरी पाळायचा नाही. पलाऊसारख्या बेटांवर मात्र तो हॅचरीत वाढवतात आणि परदेशातले हौशी लोक असेच शिंपले रीतसर विकत घेतात. तिथल्या आपल्या श्रोत्यांसाठी चार गोष्टी.

शिंपला ज्या पिशवीतून येतो, ती आधी टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग बारीक नळीनं टाकीचं पाणी पिशवीत थेंबथेंब सोडा; तासभर तरी लागतो. क्षारता एकदम बदलली, तर शिंपल्याला ती सोसत नाही.

खरी परीक्षा उजेडाची. याच्या रंगीत मांसल कडांमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न बनवून धन्याला पोसतं. भाडेकरूनं घरमालकाला जेवू घालावं, तसलाच प्रकार! म्हणून उजेड भरपूर हवा, पण पहिल्या दिवशी नव्हे. आधी तळाशी ठेवा, मग काही आठवड्यांत हळूहळू वर न्या. तळाशी लहान सपाट दगड ठेवून त्यावरच तो बसवा. शिंपला चिवट धाग्यांनी दगड धरतो. ते ओढून तोडले, तर मुळाशी जखम होऊन तो दगावू शकतो. हलवायचा झाला, तर दगडासकट उचला.

रात्री टॉर्च घेऊन कडा तपासा. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसल्या, तर लगेच वेचा. त्या शिंपल्याचा रस शोषतात. हाताची सावली पडताच शिंपला चटकन मिटला, तर समजा, स्वारी खुशीत आहे.