जुन्या ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर



आजचा विषय ऐकून शहरांतल्या पुष्कळांस वाटेल कीं, हें काम मिस्त्र्याचें. त्याच्याशीं आमचा काय संबंध? पण परभणीसारख्या जिल्ह्यांतून नोकरीनिमित्त शहरांत आलेल्या कितीतरी घरांची शेती अजून गांवीं आहे. ती भाऊ किंवा पुतण्या पाहतो, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर त्याचा निरोप येतो कीं, "जुना ट्रॅक्टर बंद पडला, मिस्त्री म्हणतो कार्ब्युरेटर बदला, पैसे पाठवा." पैसे पाठविणाऱ्यास निदान दोन प्रश्न विचारतां आले पाहिजेत, एवढ्यासाठींच हें भाषण.

पहिला प्रश्न असा कीं, ट्रॅक्टर कोणत्या तेलावर चालतो? डिझेलवर चालत असेल तर त्यास कार्ब्युरेटर नसतोच. डिझेलच्या इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं, ती दाबानेंच तापते, व तींत पंपानें सोडलेलें तेल आपोआप पेट घेतें. १९५९ सालीं फरिदाबाद येथें आयशर कंपनीनें देशांत बनविलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला, तो डिझेलचा. आणि त्यापुढें आपल्याकडे डिझेलचेंच राज्य झालें. तेव्हां डिझेलच्या ट्रॅक्टरास कोणी कार्ब्युरेटर बदलावयास सांगूं लागला, तर त्या मिस्त्र्यास नमस्कार करावा व दुसरा पाहावा.

कार्ब्युरेटर सांपडतो तो बहुधा त्याहून जुन्या, परदेशांतून आलेल्या ट्रॅक्टरांत. त्यांपैकीं फार प्रसिद्ध म्हणजे करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२०. आयर्लंडांत जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन ह्यांचा हा ट्रॅक्टर १९४६ पासून १९५६ पर्यंत इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें तयार होत होता, व त्याचे पांच लाखांहून अधिक नग बाहेर पडले. नांगर नुसता मागें ओढीत नेण्याऐवजीं तीन ठिकाणीं जोडून तेलाच्या दाबानें उचलावयाचा, ही त्याची युक्ति. आज आमच्या जिल्ह्यांत फिरणारे बहुतेक ट्रॅक्टर तीच वापरतात. त्याचा एक प्रकार पेट्रोलवर चाले. दुसरा पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलसारख्या तेलावर नेतां येई. डिझेलचा प्रकार १९५१ मध्यें निघाला.

आतां हा कार्ब्युरेटर करतो काय? पूर्वीं घरोघर ढेकूण-डांसांवर औषध मारण्याचा फ्लिटचा पंप असे, तो आठवावा. दांडा रेटला कीं हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून जाई, आणि डब्यांतलें औषध आपण होऊन वर चढून तुषारांच्या रूपानें बाहेर पडे. कार्ब्युरेटरचें काम ह्याच जातीचें. इंजिन श्वास घेतें; ती हवा एका अरुंद गळ्यांतून जातांना वेग घेते; वेग वाढला कीं तिचा दाब उतरतो, आणि जेट नांवाच्या पितळी तुकड्याच्या छिद्रांतून पेट्रोल ओढलें जातें. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा, हें प्रमाण. पेट्रोल कमी पडलें तर इंजिन ठसकतें, जास्त झालें तर काळा धूर ओकतें. शेजारच्या वाटींत पेट्रोलची पातळी कायम राखण्यास एक तरंगा व त्याची पिन असते. पाण्याच्या टाकीस बॉलकॉक असतो, तोच प्रकार. जेटचें छिद्र इतकें बारीक कीं, केराचा एक कण तेथें अडकला तरी सारें यंत्र जागच्या जागीं उभें राहतें.

म्हणून दुसरा प्रश्न: टाकी कोणी तपासली काय?

परभणीजवळच्या एका गांवीं मीं हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला आहे. माझा एक जुना विद्यार्थी तेथें शेती करतो. वडिलांनीं जुन्या बाजारांत घेतलेला एक फर्ग्युसन त्याच्यापाशीं होता. मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वापसा आला होता. आमच्या काळ्या जमिनीचा वापसा म्हणजे दोन-चार दिवसांचा पाहुणा. त्याआधीं चिखल, मागाहून ढेकळें. ट्रॅक्टर चालतां चालतां ठसकूं लागला व थांबला. मिस्त्री आला, त्यानें कार्ब्युरेटरवर बोट ठेवलें. शहरांतून नवा मागविण्यांत दोन दिवस गेले. नवा बसविल्यावर इंजिन सुरेख चाललें, आणि तिसऱ्या प्रहरीं पुनः तेंच ठसकणें! उघडून पाहतात तों नव्या वाटींतही तांबडा गाळ. पत्र्याची जुनी टाकी आंतून गंजलेली, आणि तोटीवरची जाळी फाटलेली. टाकी धुऊन होईतों पाऊस आला, वापसा गेला. पुढें पंधरा दिवसांनीं चुलत्याचे बैल आणून, तिफण धरून त्यानें सोयाबीन पेरलें.

त्याच्या पत्नीनें त्या वेळीं मला विचारलें, "गुरुजी, तो जुना तरी खरोखर बिघडला होता का?" प्रश्न मार्मिक होता. जुन्याच्या थ्रॉटलची दांडी भोकांत खुळखुळत होती व तेथून चोरटी हवा आंत जात होती. म्हणजे बदलणें अगदींच अनाठायीं नव्हतें. पण क्रम उलटा झाला, आणि त्या उलट्या क्रमाची किंमत पेरणीनें दिली.

क्रम असा असावा. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. जवळपास विडी-काडी नको. तोटी बंद करून नळी सोडावी, बाटलींत धरावी व तोटी उघडावी. धार सलग आणि स्वच्छ आली तर टाकी निर्दोष. थेंबथेंब किंवा तांबडी आली तर चोर सांपडला, कार्ब्युरेटरास तूर्त हात लावूं नये. मग प्लग पाहावेत: काजळी धरलेले असल्यास पेट्रोल जास्त, पांढरेफटक असल्यास कमी. हवा गाळणारी तेलाची वाटीही पाहावी. आमच्या उन्हाळ्यांतल्या धुळीनें तिच्यांत चिखल सांचतो, इंजिन गुदमरतें, आणि आळ येतो कार्ब्युरेटरवर. तो उघडावयाचा तो यानंतर. जेट फुंकून साफ करावे. तार घालूं नये, कारण पितळ मऊ, छिद्र मोठें झालें कीं प्रमाण कायमचें बिघडलें.

दांडी ढिली असली किंवा अंग तडकलें असलें, तर मात्र बदलावा. थ्रॉटलचा दांडा, चोकची तार, पेट्रोलची व हवेची नळी सोडविली कीं तो उतरवितां येतो. जुनें पॅकिंग खरवडून जागा साफ करावी, नवें घालावें, आणि नट दोन्हीकडून थोडे थोडे आवळावे. एकच बाजू करकचून आवळली तर कड वांकते, व पुनः चोरटी हवा. तोटी उघडल्यावर पांच मिनिटें नुसतें पाहत बसावें. वाटी वाहूं लागली तर पिन नीट बसलेली नाहीं. अशा स्थितींत इंजिन सुरू करणें म्हणजे आगीस आमंत्रण.

आजच्या पेट्रोलाविषयींही सावध असावें. २०२५ पासून त्यांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या काळचें रबर त्यानें फुगतें, शिवाय तें हवेंतलें पाणी शोषून घेतें. म्हणून पेट्रोल टाकींत महिनोन्‌महिने ठेवूं नये, व हंगाम संपतांच वाटी रिकामी करावी. शहरांतल्या दुचाकीवाल्यांस आतां ही फिकीर नाहीं. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले, आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर बहुतेक हद्दपार झाला. त्याचा आवाज ऐकून रोग सांगणारे मिस्त्रीही त्याबरोबर कमी होत चालले. तरुण मिस्त्री दुरुस्तीपेक्षां बदलणें पसंत करतो; त्याचा तरी काय दोष? त्याला दुसरें शिकविलें कोणी?

उतरविलेला कार्ब्युरेटर भंगारवाल्यास मात्र देऊं नये. बाजारांत मिळणाऱ्या नकली नगाचे जेट कधीं कधीं निराळ्या मापाचे निघतात. जुन्या जेटवर आंकडा कोरलेला असतो. तो नव्याशीं ताडून पाहावा, आणि न जुळल्यास, छिद्र शाबूत असेल तर, जुनाच जेट नव्यांत बसवावा. बाकीचा भाग धुऊन, फडक्यांत गुंडाळून कोठीच्या फळीवर ठेवून द्यावा.